सुई हलली नाही, शालन

शालन,

तू गेल्यावर माझी पहिली अडचण झाली ती भाषेची. झाशीत मराठी बोलणारी माणसं नाहीत असं नाही. रेल्वे कॉलनीत आहेत, बबीन्याच्या छावणीत तर बदलीबरोबर दर काही वर्षांनी नवी येतात. ती मराठीत सण करतात, हळदीकुंकवाला बोलावतात, गावाकडच्या गोष्टी काढतात. मराठीत भांडायला मात्र मला एकच माणूस होतं, आणि आपली भांडणं व्हायची ती इलेक्ट्रॉनवरून.

वर्गात आपण दोघी हिंदीत शिकवायचो, फळ्यावर इंग्रजीत लिहायचो आणि स्टाफरूममध्ये आलो की मराठीत वाद घालायचो. पोटेन्शियल बॅरियरला मी सरळ 'भिंत' म्हणायची. तुला ते अजिबात खपत नसे.

"भिंत कुठंय, उषा? भिंतीला विटा असतात. इथे नुसता आलेख आहे. कुठल्या जागी असायला इलेक्ट्रॉनला किती ऊर्जा हवी, एवढंच तो सांगतो."

"मुलांना आलेख नाही समजत. भिंत समजते."

"मग त्यांना असंही वाटतं की इलेक्ट्रॉन भिंतीला भोक पाडतो."

टनेलिंग हा शब्दही तुला आवडत नव्हता. मी रेल्वेच्या घरातली. वडील भुसावळहून इथे गार्ड म्हणून आले, त्यामुळे बोगदा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर गाडी यायची. तू म्हणायचीस, बोगद्यात शिरलेली गाडी मधल्या वेळात बोगद्यात कुठेतरी असते. तुझा इलेक्ट्रॉन मधल्या वेळात कुठे असतो ते सांग, मग बोगदा म्हण. मला ते सांगता यायचं नाही. तुलाही यायचं नाही, पण तू निदान बोगदा म्हणत नव्हतीस.

हे सगळं लिहून काढते आहे, तर तुझे-माझे विद्यार्थी सोडून दुसरं कुणी वाचेल त्याच्यासाठी दोन वाक्यं. चेंडू टेकडीवर ढकलला आणि जोर कमी पडला तर तो खाली येतो. नेहमी येतो. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. त्याच्याकडे अडथळ्याच्या उंचीपेक्षा कमी ऊर्जा असली तरी त्याची लहर अडथळ्याच्या आत शिरते आणि आत झपाट्याने विरत जाते. अडथळा फार पातळ असेल तर पूर्ण विरायच्या आत ती पलीकडे पोचते, आणि मग कधीमधी इलेक्ट्रॉन पलीकडेच सापडतो. तो वरून चढून जात नाही, भोक पाडत नाही, आणि येताना होती तेवढीच ऊर्जा घेऊन निघतो. थराची जाडी जराशी वाढली की अशा इलेक्ट्रॉनांची संख्या एकदम कोसळते. बस्स. तू यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं असतंस.

तुला खरं तर दुसरी गोष्ट जास्त आवडायची, जी कुणीच कौतुकाने सांगत नाही. अडथळ्याची उंची कमी असेल, इलेक्ट्रॉनांकडे भरपूर ऊर्जा असेल, तरीही त्यातले काही परत फिरतात. त्यांना अडवणारं काही नसतं. तू वर्गात ही गोष्ट सांगून थांबायचीस. मुलं वर बघायची आणि मग तू पुढे जायचीस.

आपली ओळख एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी झाली. आपण वर्गात दोनच मुली, आणि दोघी मराठी. तू बबीन्याहून फौजी गाडीतून यायचीस, सुभेदाराची मुलगी, साताऱ्याकडचं बोलणं. मी झाशीतच वाढलेली, माझ्या मराठीत निम्मी हिंदी. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "तू मराठी बोलतेस की मराठीचं भाषांतर?" मला राग आला होता. मग तुझे वडील निवृत्त होऊन साताऱ्याला परतले, तू मात्र इथल्याच रेल्वेतल्या मुलाशी लग्न करून राहिलीस. आपण दोघी एकाच कॉलेजात, एकाच विभागात लागलो, आणि तो राग टिकवण्याएवढी सवड मला मिळाली नाही.

ऐंशीच्या दशकात तू पीएच.डी.ला नाव घातलंस ते याच विषयावर. काचेच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची पातळ रेघ चढवायची, ती हवेत तापवून तिच्यावर ऑक्साईडचा थर येऊ द्यायचा, त्यावर आडवी दुसरी रेघ चढवायची. दोन धातूंच्या मध्ये केसापेक्षा हजारो पट पातळ असा थर, वीज न जाऊ देणारा. तोच आपला अडथळा. दोन्ही टोकांना तारा लावायच्या आणि पलीकडे किती प्रवाह पोचतो ते मोजायचं.

कॉलेजात निर्वात भांडं असलेलं एक जुनं यंत्र होतं, त्याचा पंप दर पंधरा दिवसांनी बिघडायचा. तू हाताला तेल लागलेलं घेऊनच तासाला जायचीस. पट्ट्यांमागून पट्ट्या वाया जायच्या. कुठे थरात सूक्ष्म छिद्र राहून दोन्ही धातू एकमेकांना भिडायचे, कुठे थर इतका जाड व्हायचा की काहीच जायचं नाही. पण काही पट्ट्या चांगल्या निघाल्या. व्होल्टेज वाढवलं की प्रवाह आधी सरळ, मग वक्र होऊन चढायचा, पुस्तकात असतो तसाच. तुझे गाईड, ज्यांना सगळं कॉलेज डॉक्टर साहब म्हणायचं, ते तो आलेख पाहून खूश झाले. प्रबंध टाईप होऊन आला. तुझ्या निनादला त्याच दिवसांत टायफॉईड झाला होता. तो सहा-सात वर्षांचा असेल. तू त्याच्या उशाशी बसून प्रुफं तपासलीस.

आणि मे महिना लागला.

झाशीचा मे सांगायला नको. प्रयोगशाळेतल्या टेबलाला हात लावला तर चटका बसायचा. तू शेवटचे आकडे पुन्हा एकदा घ्यायला म्हणून त्याच जुन्या पट्ट्या लावल्यास आणि मला बोलावलंस.

"जानेवारीपेक्षा जास्त येतंय."

"मीटर तापलं असेल," मी म्हटलं.

"मीटर बदलून पाहिलं."

पुढचं मला कळलं. आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही. त्याला उष्णतेचं काही घ्यायचं नसतं. प्रवाह उष्णतेबरोबर वाढत असेल तर याचा अर्थ इलेक्ट्रॉन थरातल्या दोषांवरून, उष्णतेचा आधार घेत, उड्या मारत पलीकडे चालले होते. पलीकडे पोचत होते हे खरं. पण तुझ्या प्रबंधात लिहिलं होतं तसे नव्हे.

खात्री करायला कडाक्याची थंडी हवी होती, त्या थंडीतही प्रवाह टिकला तरच तो आरपार जाणारा. आणि तेवढी थंडी झाशीत बर्फाच्या कारखान्यातही नव्हती. तुला द्रव नायट्रोजन हवा होता. तो कुठे मिळेल हे तूच शोधून काढलंस. मऊरानीपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो ठेवतात. तिथल्या डॉक्टरांना तू गळ घातलीस. ते भले माणूस होते. म्हणाले, "बहनजी, एक पुराना कैन खाली पड़ा है, भर देता हूँ. पर ये आप लोग करेंगी क्या?" तू म्हणालीस, "एक चीज़ ठंडी करके देखनी है." त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या खात्यात बहुतेक विचित्र उत्तरांची सवय असावी.

परतीच्या बसमध्ये आपण तो दुधाच्या कॅनसारखा डबा पायांशी धरून बसलो. सैल झाकणातून पांढरी वाफ निघत होती. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून पाहत राहिला.

"जौ का है?"

"नाइट्रोजन," तू म्हणालीस.

"ढक्कन कस के बंद करो, धुआँ निकल रहा है."

आणि तू, आयुष्यात कधी सोयीचं बोलली नाहीस ती, शांतपणे म्हणालीस, "कस के बंद किया तो फट जाएगा."

पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. एक बाई पोराला उचलून दाराकडे धावली. ड्रायव्हरने ब्रेक लावला. शेवटी मी ओरडले, "अरे भैया, भैंसों के अस्पताल का है! टीके वाला!" आणि सगळी बस खाली बसली. समोरच्या बाकावरचे एक म्हातारेबुवा वळून, रेत कुठल्या जातीच्या रेड्याचं म्हणून, अदबीने म्हणाले, "मुर्रा को है कै भदावरी को?" मी हो म्हणणार होते. तू त्यांना म्हणालीस, "बाबा, इसमें कुछ नहीं है. खाली ठंड है." ते झाशी येईपर्यंत त्या डब्याकडे पाहत होते.

दुपारी आपण दोघींनीच तो प्रयोग केला. लांब दांडीला पट्टी बांधून तू ती डब्यात सोडलीस. मी मीटरपाशी. सुई खाली यायला लागली. धावत नव्हे, सावकाश. आली, आली, आणि शून्याला टेकली.

"काय दिसतंय?" तू पाठमोरी विचारलंस.

"शून्य."

पट्टी वर काढलीस. ती कोमट झाली तशी सुई पुन्हा चढली. पुन्हा सोडलीस, पुन्हा शून्य. चांगल्या म्हणून ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या तू एकेक करून सोडल्यास. एकही टिकली नाही. मग तू तारा सोडवल्यास, पदर खोचलेला सोडलास आणि म्हणालीस, "चल, चहा पिऊ."

इलाइट चौराह्यावरच्या त्या दुकानात, पंख्याखाली, आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. तुझं रजिस्ट्रेशन संपत आलं होतं. नव्याने पट्ट्या करायला वेळ नव्हता. माझं म्हणणं मी तेव्हा मांडलं, आणि आजही तेच आहे. तुझे आकडे खोटे नव्हते, तू प्रामाणिकपणे घेतले होतेस. चुकला होता तो अर्थ. तर अर्थ बदलायचा. शीर्षक बदल, 'ऑक्साईडच्या थरातून होणारं विद्युतवहन' असं काही लिही, नायट्रोजनचा प्रयोग शेवटी जोड, आणि देऊन टाक. त्यात लाज कसली?

"वहन कसं होतंय ते मला माहीत आहे का?"

"नाही."

"मग काय लिहू? इतकी वर्षं एक सांगत होते, ते नाही. दुसरं काय आहे ते ठाऊक नाही. यावर मला डॉक्टर म्हणा?"

"लोक याहून कमीवर झालेत, शालन."

"होऊ देत ना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर साहबांनी तिसरा मार्ग सुचवला. ते प्रेमळ होते, तुझं भलंच पाहत होते. "बेटी, नाइट्रोजन वाला पन्ना मत जोड़ो. वहाँ तक कोई नहीं पूछेगा." तू त्यांना नमस्कार केलास आणि प्रबंध परत घेत असल्याचं सांगितलंस. हे तूच मला सांगितलंस, आणि वर मला गप्प राहायला लावलंस.

"कुणालाही कारण सांगायचं नाही, उषा. सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, गाईडने काय बघितलं. ते दोन वर्षांत निवृत्त होतायत. त्यांना सुखाने जाऊ दे."

मी कबूल केलं. कॉलेजने मग आपल्या सोयीचं कारण शोधून काढलं. मूल आजारी, नवरा सारखा लाईनवर, घर सांभाळायला कुणी नाही, बाईमाणूस, नहीं हो पाया बेचारी से. हे तुझ्यासमोरही बोललं जायचं. तू नाकारलं नाहीस.

त्यानंतरची वर्षं आपण एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर काढली. माझी पीएच.डी. दुसऱ्याच विषयावर झाली, मी रीडर झाले, मग विभागप्रमुख. तू लेक्चररच राहिलीस. तुझा रजेचा अर्ज माझ्या सहीने मंजूर व्हायचा. पहिल्या वेळी मी पेन खाली ठेवलं तर तू म्हणालीस, "सही कर गं, गाडी चुकेल." एवढंच. एकदा मात्र मी आगाऊपणा केला. तुझ्यापेक्षा कितीतरी नंतर आलेला एक जण पुढे गेला, त्या दिवशी मी तुला म्हटलं, भरपूर ऊर्जा असूनही परत फिरणारे इलेक्ट्रॉन असतात, तशी तू. मला वाटलं तुला आवडेल, तुझीच गोष्ट होती. तू चष्मा काढून ठेवलास.

"माझ्यावर इलेक्ट्रॉन लादू नकोस. इलेक्ट्रॉन काही ठरवत नाही. मी ठरवलं होतं."

तेव्हापासून मी असल्या उपमा सोडल्या. शोकसभेला बोलणारे सोडत नाहीत, ते पुढे सांगते.

तू तो प्रयोग सोडला नव्हतास, हे मला उशिरा कळलं. पदवीशी संबंध नाही, गाईड नाही, तरी दर हिवाळ्यात यंत्र उघडून बसायचीस. पंपाच्या तेलाची वाफ भांड्यात मागे येते आणि थर मळतो, असा तुला संशय होता. तू मध्ये ती वाफ अडकवणारा, गार केलेला सापळा बसवलास, त्यासाठी पुन्हा मऊरानीपूर. ते डॉक्टर बदलून गेले होते, नव्याला तू पुन्हा सगळं समजावलंस. हवेतला दमटपणा टाळायला तू कोरडा प्राणवायू वापरलास. या कामात तू एम.एस्सी.च्या मुलांना घेतलंस, आणि हळूहळू तो अभ्यासक्रमातला प्रयोगच झाला. दर वर्षीच्या वर्गाने आपली पट्टी स्वतः करायची आणि ती खरी की खोटी ते स्वतःच तपासायचं. बहुतेकांच्या खोट्या निघायच्या. तू त्यांना पूर्ण मार्क द्यायचीस, खोटी आहे हे त्यांनी सिद्ध केलं म्हणून. गरौठ्याची एक मुलगी रडली होती, मला आठवतं. तू तिला म्हणालीस, "रोती क्यों है? तूने पकड़ लिया ना? मुझे तो बरसों लगे थे." तिला कळलं नाही तू काय बोलतेस. मला कळलं, पण मी वही तपासत राहिले.

आणि मग तो दिवस. मी तास घेत होते, तू दारात आलीस. तू कधीच कुणाचा तास मोडला नव्हतास.

"उषा, ये."

प्रयोगशाळेत पाच-सहा मुलं भिंतीला लागून उभी. तू मला मीटरपाशी उभं केलंस, पहिल्या वेळेसारखं. पट्टी डब्यात सोडलीस. सुई जरा थरथरली आणि होती तिथेच राहिली. मी वाट पाहिली. नायट्रोजनचा उकळण्याचा आवाज येत होता, थर त्या थंडीत बुडालेला होता, उष्णतेचा कुठलाच आधार उरला नव्हता, आणि पलीकडे तेवढेच इलेक्ट्रॉन येत होते.

"काय दिसतंय?" तू विचारलंस.

"हलत नाही."

"नीट बघ."

"हलत नाही, शालन. किंचित कमी झाली असेल, तेवढी व्हायलाच हवी."

मुलांना वाटलं प्रयोग फसला. एकाने हळूच दुसऱ्याला विचारलं, "कुछ हुआ क्यों नहीं?" आपण दोघी हसत सुटलो. मला वाटतं त्या खोलीत आपण दोघी मिळून इतक्या मोठ्याने कधी हसलो नव्हतो. तू ती पट्टी कोरडी करून पुन्हा पुन्हा सोडून पाहिलीस. त्याचं कुठे छापलं नाहीस. मी म्हटलं छाप, तर म्हणालीस, जगात हे पूर्वीच झालेलं आहे, यात नवं काही नाही. मला बघायचं होतं, बघितलं.

हे मला दिलंस याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तुझ्या हातून ते झालं तेव्हा मीटरपाशी मी होते. माझ्या स्वतःच्या प्रबंधातलं एकही पान मला असं आठवत नाही.

शेवटची भेट तुझ्या घरी, दुपारी. हृदय थकलं होतं, बोलताना दम लागत होता. मी बातमी म्हणून सांगितलं की कुठेतरी वाचलं, अडथळ्यातून पलीकडे जायला किती वेळ लागतो ते आता मोजायला लागलेत. मला वाटलं आपलं जुनं भांडण मी जिंकले. मध्ये वेळ जातो, म्हणजे मध्ये कुठेतरी असतो.

"घड्याळ कुठलं लावलं?" तू विचारलंस.

"ते नाही वाचलं."

"आधी ते वाच. वेळ वेगवेगळ्या घड्याळांनी वेगवेगळा येतो. मग ये."

मी वाचून आले असते. तू थांबली नाहीस.

तुझी शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. माणसं बरीच होती, तुझे जुने विद्यार्थी बाहेरगावाहूनही आले होते. निनाद पहिल्या रांगेत. त्याचेही केस पांढरे झालेत. एकाने सांगितलं की शालिनीजी, म्हणजे कॉलेजच्या कागदांवरची तू, अडथळा ओलांडून पलीकडे गेल्या. मग सध्याचे प्राचार्य उठले. ते तुला फारसे ओळखत नव्हते, ऐकलेलंच बोलले. "घर-गृहस्थी और बच्चे की बीमारी के कारण वे अपना शोध पूरा न कर सकीं, यह त्याग की मिसाल है."

लोकांनी माना डोलावल्या. आणि मी उठले.

शालन, मी तुझा शब्द मोडला. तुला विचारायची सोय नव्हती. डॉक्टर साहब जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता कुणाची निवृत्ती बिघडणार नव्हती. मी त्यांचं नाव घेतलं नाही, पान न जोडण्याची गोष्ट काढली नाही. एवढंच सांगितलं की प्रबंध पूर्ण होता, बांधून तयार होता, आणि शालिनीने तो स्वतः परत घेतला, कारण तो चूक आहे हे तिनेच शोधून काढलं. उन्हाळ्याचं सांगितलं, मऊरानीपूरचं सांगितलं, सुई शून्यावर आली ते सांगितलं. बच्चे की बीमारी से इसका कोई संबंध नहीं था, असं शेवटी म्हटलं आणि बसले. हॉलमध्ये टाळ्या नाहीत, काही नाही. शोकसभेत वाजवतही नाहीत.

बाहेर निनादने मला गाडीत बसवलं, घरी सोडतो म्हणाला. तुझा मुलगा मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो, ते तुला नेहमी खटकायचं. त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"मावशी, वो जो आपने कहा, पक्का है?"

"मी तिथे होते, निनाद."

"मुझे तो सब यही कहते थे. दादी, बुआ, सब. तेरी बीमारी में तेरी माँ की डिग्री गई." तो स्टिअरिंगकडे पाहत होता. "मैंने आई से एक बार पूछा था. उसने कहा, चल हट, कुछ भी. मुझे लगा मेरा मन रखने के लिए कह रही है."

हे मला माहीत नव्हतं, शालन. तुलाही माहीत नसणार, नाहीतर तू त्याला समोर बसवून मीटर दाखवलं असतंस. डॉक्टर साहबांना जपताना हा एक हिशेबाबाहेर राहिला. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, आणि हा राग आता कुठे ठेवायचा ते मला समजत नाही.

मग त्याने विचारलं, "आई उस दिन बहुत रोई होगी ना?"

इतकी वर्षं मीही तसंच धरून चालले होते. चहा पिऊन आपण निघालो, तू रिक्षात उरलेल्या नायट्रोजनचा डबा ठेवलास आणि वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं होतं, घरी जाऊन दार लावून रडली असेल. मी तसं त्याला सांगणार होते. पण डब्याचं नाव काढताच तो माझ्याकडे वळला.

"धुएँ वाला डिब्बा? दूध के कैन जैसा?"

"हो."

"अरे, वो दिन तो मुझे याद है, मावशी. मैं खटिया पर था, मुझे उठने नहीं देते थे. आई शाम को आँगन में वो डिब्बा लेकर बैठी. कनेर के फूल तोड़-तोड़ कर उसमें डुबोती और फर्श पर पटकती. काँच जैसे टूटते थे. मैंने कहा और, तो पूरा पेड़ खाली कर दिया." तो बोलता बोलता हसायला लागला आणि मग त्याने डोळे पुसले. "इतना हँस रही थी उस दिन. दादी अंदर से डाँट रही थी, और वो हँसे जा रही थी."